देव बदलीवर असताना मानबोकने घर कसं बदललं

"फट ठेव बाबा, नाहीतर वारा भिंतच उचलून नेईल."

को मानबोकचं हे ठरलेलं वाक्य. भिंत रचताना तो ते म्हणायचाच, त्यात नवल नाही. दगड रचणारा माणूस तो, त्याचं कामच ते. पण हा गृहस्थ सोयरिकीच्या बैठकीतही तेच म्हणायचा आणि मयताच्या घरी जेवायला बसला तरी तेच. एकदा दाताच्या डॉक्टरने त्याच्या तोंडात डोकावून विचारलं, "इथला दात कुठं गेला?" तर उघड्या जबड्यानेच त्याने हे उत्तर दिलं म्हणतात.

वाक्यात खोट मात्र नव्हती. आमच्या जेजू बेटावर वारा हा पाहुणा नाही, घरचाच आहे. तो रोज येतो, न विचारता येतो. म्हणून शेताशेताच्या कडेने आम्ही काळ्या दगडांच्या भिंती घालतो, त्यांत ना चुना ना माती, दगडावर नुसता दगड. मधल्या फटींतून वारा शिरतो, शीळ घालतो आणि आपल्या वाटेने जातो. ज्या साली मोठं वादळ झालं त्या साली मुन दोकबे या सिमेंटच्या ठेकेदाराची नवीकोरी भिंत पहिल्या तडाख्यात आडवी झाली. तिला खेटून असलेली मानबोकची भिंत होती तशी उभी राहिली, आणि तिच्या एका फटीत गवताची काडी तेवढी अडकली होती.

दगड हातात असला की मानबोकसारखा माणूस नाही. दुसरे गवंडी दगड उचलतात, लावून बघतात, काढतात, फिरवतात, ठोकतात. मानबोक ढिगाकडे बघायचा, वीस पावलांवरचा एक दगड उचलून आणायचा, ठेवायचा. टक्. एकच आवाज. तो दगड पुन्हा हलवायची वेळ यायची नाही.

आणि त्याच माणसाला स्वतःचा चष्मा दोन दोन तास सापडायचा नाही. चुलीवर भात चढवून तो मीठ आणायला शेजारी निघायचा, आणि तीन तासांनी कुणाच्या तरी रानात पडलेले दगड रचताना सापडायचा; घरात भाताचा कोळसा. बाजारात टोफू आणायला गेलेला हा गडी भलत्याच गावच्या बसने भलत्याच गावी उतरायचा आणि तिथल्या भिंती बघत फिरायचा. त्याचा फोन एकदा मुळ्याच्या लोणच्याच्या रांजणात वाजला होता.

आमच्याकडे दचकलेल्या पोराचा जीव अंगातून निसटतो म्हणतात. मग भगतीण येते, पोराचा सदरा हातात धरून निसटलेल्या जिवाला हाका मारते. मानबोकच्या आईने हे सात वेळा केलं. भगतीणच शेवटी कंटाळली. म्हणाली, "बाई, ह्याचा जीव हाक मारली की येतो गं. पण बसत नाही."

शेहेचाळिसाव्या वर्षी त्याची थोरली बहीण योनसिल, त्याच्या तोंडी नूना, त्याला शहरात मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. योनसिल शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य. तीनशे पोरांचं जेवण, एक चमचा इकडचा तिकडे होत नाही. डॉक्टरने दोन दिवस तपासलं आणि सांगितलं की ह्याला एडीएचडी म्हणतात, जन्मापासून आहे, मोठेपणीही राहतो. "ह्यांच्याकडे लक्ष कमी नाही," डॉक्टर म्हणाला. "लक्ष भरपूर आहे. त्याचं दावं मात्र ह्यांच्या हातात नाही." एक गोळी लिहून दिली. बाहेर पायरीवर बसून मानबोकने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "नूना, म्हणजे मी आळशी नव्हतो?"

योनसिलने तोंड फिरवलं. पन्नास वर्षांच्या बाईला भर रस्त्यात रडायला लाज वाटते.

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

आईचं घर चुलत्याच्या मुलाच्या नावावर. त्याने ते दुसऱ्या कुटुंबाला द्यायचं ठरवलं. मानबोकला घर सोडावं लागणार, आणि जेजूत घर सोडायचं तर ते आठ दिवसांतच. वर्षाचे बाकीचे दिवस बेटावर अठरा हजार देव असतात. चुलीची देवी वेगळी, उंबऱ्याचा देव वेगळा, फाटकाचा वेगळा, संडासाची देवी तर फार रागीट. त्यांच्या डोळ्यांदेखत चूल हलवली की घरात कुणीतरी अंथरूण धरतं. पण थंडी सरता सरता, वसंताच्या तोंडावर, सगळे देव वर आपल्या राजाकडे हिशेब द्यायला जातात. तिथं त्यांच्या बदल्या होतात, तहसीलदारांच्या होतात तशाच. जुने निघालेले आणि नवे अजून रुजू न झालेले, असे हे आठ दिवस. सगळं बेट तेव्हा पाठीवर कपाटं घेऊन फिरत असतं. ते आठ दिवस हुकले की वर्ष हुकलं.

योनसिलचं म्हणणं, मानबोकने शहरात तिच्याकडे यावं. नवव्या मजल्यावर तिचं घर, एक खोली रिकामी. "एकटा राहिलास तर एक दिवस चुलीसकट जळशील," ती म्हणायची, आणि त्यात रागापेक्षा भीती जास्त होती.

मानबोकला गाव सोडायचं नव्हतं. नवव्या मजल्यावर दगड कुठून आणणार?

गावात एक घर रिकामं होतं. मालक ओसाकाला जाऊन म्हातारा झालेला, किल्ली समोरच्या ह्यन सामचुनकडे. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की बुवा, सामचुनच म्हणतात. ह्यन सामचुन एक्याऐंशी वर्षांची, अंगाने वाळल्या मुळ्यासारखी, पण गाजराच्या रानात अजून दिवसभर उकिडवी बसायची. मालकाने तिला फोनवर सांगितलं होतं, "तू म्हणशील त्याला दे."

तिच्याच अंगणात बहीणभावाचा करार झाला.

"सामचुन, तुम्ही साक्षीला," योनसिल म्हणाली. "आठ दिवस. सामान मी बांधून देते. ह्याने फक्त उचलायचं आणि ठेवायचं. आठव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ह्याचं घर लागलं, तर मी पुन्हा शहराचं नाव काढणार नाही. नाही लागलं तर टेम्पो सामानासकट माझ्या दारात."

"आणि मी?" मानबोकने विचारलं.

"तूही सामानातच."

"चालेल," मानबोक म्हणाला आणि भिंतीच्या एका दगडाकडे बघत राहिला.

"ऐकलंस ना रे?"

"ऐकलं नूना. आठ दिवस. ह्यो दगड कुणी बसवला हो सामचुन? उलटा बसवलाय."

पहिल्या दिवशी सकाळी योनसिलने जुन्या घरातलं सगळं खोक्यांत भरलं. तेवीस खोकी. प्रत्येकावर काळ्या शाईने लिहिलं: स्वयंपाक, कपडे, औषधं, आई. भाताचं भांडं तेवढं कुठे सापडलं नाही. "ते पण हरवलंस," ती म्हणाली, आणि दुपारच्या बसने कामावर परतली.

मानबोक त्या खोक्यांसमोर उभा राहिला. त्याचं असं होतं की वस्तू झाकली की त्याच्यापुरती ती मेली. खोक्यावर 'चमचे' लिहिलेलं असलं तरी त्याला दिसायचं ते खोकं. तेवीस थडगी बघावीत तसा तो बघत राहिला, मग मागच्या दाराने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यन सामचुन फाटकाशी आली, तर समोरच्या रिकाम्या घराच्या फाटकाला तीन दांडे.

आमच्या फाटकाला दार नसतं. दोन बाजूंना दोन दगडी खांब, प्रत्येकाला तीन भोकं, त्यांत आडवे दांडे. एकही दांडा नसला तर माणूस घरात आहे, या. एक असला तर इथंच गेलाय, आलाच. दोन असले तर संध्याकाळपर्यंत येईल. आणि तिन्ही असले तर माणूस लांब गेलाय, वाट बघू नका. तीन दांड्यांवरून आत पाय टाकणारा माणूस आमच्यात नाही. चोरही नाही. सुटलेलं ढोरसुद्धा तिथवर येऊन परत फिरतं.

काल तर हे दांडे गवतात पडलेले होते. सामचुनने कपाळाला आठी घातली. मग पाचशे पावलं चालून मानबोकच्या आईच्या घराकडे गेली. तेवीस खोकी जशीच्या तशी, मानबोक नाही.

"गेला," दोकबे म्हणाला. तो टेम्पो पुसत उभा होता. "मी सांगितलं होतं. ओसाकाला गेला असेल, घरमालकाच्या दारात भिंत घालायला."

"तुझी पडलेली अजून उभी राहिली नाही, तिची काळजी कर," सामचुन म्हणाली.

पण घरी येताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

आणि तिसऱ्या दिवशी तिने तो आवाज ऐकला.

वारा पडला होता. आमच्याकडे वारा पडणं म्हणजे घरातलं बडबडं माणूस अचानक गप्प होणं. बाई हातातलं काम ठेवून ऐकते. हाल्ला डोंगर डोक्यावर बर्फ घेऊन इतका जवळ आला होता की हात लावावा. वर देव नाहीत, खाली वारा नाही. अशा त्या पोकळीत समोरच्या बंद घरातून आवाज आला.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्.

सामचुनच्या मांडीवर गाजरांची टोपली होती. एक गाजर हातातच राहिलं. घरात माणूस नाही, तीन दांडे सांगतायत. देव नाहीत, पंचांग सांगतंय. मग आत आहे कोण? लहानपणी तिने एकदा सबंध गाव रिकामं झालेलं पाहिलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण रिकाम्या घरातून येणाऱ्या आवाजाची भीती कशी असते ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती दांड्यांशी गेली. "कोण आहे?" तिने हाक मारली.

टक्.

ती परत फिरली. दांडे तीन होते.

चौथा दिवस तसाच. पाचव्या दिवशी वारा उठला आणि त्याने त्या घरावरून बार्लीच्या भाताचा वास आणला. गरम, नुकत्या उतरवलेल्या भाताचा. बदली झालेली चुलीची देवी वाटेतून परत आली की काय? सामचुनने दोन्ही हात जोडले, आणि मग स्वतःचंच हसू आलं, कारण वासात थोडं करपल्याचंही होतं. देवी भात करपवत नाही.

सहाव्या दिवशी ती मुद्दाम भिंतीला कान लावून बसली. तिच्या सबंध आयुष्यात तिने हजार माणसं दगड रचताना ऐकली होती. प्रत्येकाचं टक्-टक्-टक्. बसवून बघायचं, हलवून बघायचं, ठोकायचं. हा आवाज एकाला एक होता. एक दगड, एक टक्. बेटावर असा हात एकच.

तिला हायसं वाटलं, पण घटकाभरच. तो पळाला नव्हता, आत होता. पण आत बसून तो भिंत घालत होता! पाचशे पावलांवर तेवीस खोकी पडून, आणि हा वेडा सहा दिवस कुठलीशी पडकी भिंत सावरत बसलेला. आता योनसिलला कळवलं तर ती आजच येऊन ओढून नेईल. नाही कळवलं तर परवा नेईल. सामचुनने कळवलं नाही. करार त्याचा होता. निस्तरायचा तर त्यालाच. ती दोन दिवस गाजरं निवडत राहिली, तिला गाजरं दिसत नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी योनसिल आली. दोकबेच्या टेम्पोतून उतरली ती ओठ घट्ट मिटूनच.

"खोकी आहेत तशी आहेत, सामचुन. एकसुद्धा हललं नाही." तिने समोरच्या फाटकाकडे पाहिलं. तीन दांडे. "आणि हे बघा. लांब गेलो, वाट बघू नका. सख्ख्या बहिणीला." तिने फाटकाकडे पाठ केली. "पळाला हो. मला घाबरून पळाला."

"चल, खोकी भरू," दोकबे हळू आवाजात म्हणाला. आज त्याला चेष्टा सुचत नव्हती.

"थांबा," सामचुन म्हणाली.

ती रस्ता ओलांडून दांड्यांशी गेली. एक्याऐंशी वर्षांत तिने तीन दांड्यांना हात लावलेला नव्हता. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं. वर सगळं निळं, रिकामं, स्वच्छ; कुणी बघत नव्हतं. उद्या नवे देव रुजू होणार.

"आज फाटकाचा देव जाग्यावर नाही," ती म्हणाली. "काय पाप करायचं ते आजच करून घेते." आणि तिने वरचा दांडा सर्रकन ओढला. मग मधला. मग खालचा.

योनसिल आणि दोकबे तिच्या मागून गेले, चोरासारखे.

जुन्या घराचं स्वयंपाकघर मोठं होतं, खाली मातीची जमीन, वर धुराने काळी झालेली तुळई. मागच्या उघड्या दारातून कलतं ऊन आत आलं होतं. आणि त्या उन्हात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माणसाच्या डोक्याएवढी उंच एक काळी भिंत उभी होती.

पण ती भिंत कशी? आमच्या भिंतीला फटी असतात, हिला कोनाडे होते. बोटभर होते, वीतभर होते, हातभर लांब पण चिंचोळे होते, गोल होते, तिरपे होते. शंभर असतील, जास्तच असतील. दगड असा दगडाच्या खांद्यावर टेकलेला की मधली पोकळी त्यानेच मुद्दाम तळहातावर धरून ठेवलीय असं वाटावं. मागचं ऊन प्रत्येक कोनाड्यातून पुढे येत होतं, आणि समोरच्या जमिनीवर उजेडाचे शंभर तुकडे पडले होते. एवढ्यात मागून वारा आला, भिंतीतून गेला, आणि सगळी भिंत मोठ्या बासरीसारखी एकदा खोल वाजली.

सामचुनने आयुष्यभर दगड पाहिले होते. दगडांतच ती जन्मली, दगडांतच तिचं रान. पण त्या क्षणी तिचे हात आपोआप छातीशी आले. बेटावर एकही देव नसताना तिला हात जोडावेसे वाटले.

भिंतीच्या बुडाशी मानबोक उकिडवा बसला होता. सात दिवसांची दाढी, केसांत धूळ. त्याने शेवटचा दगड ठेवला. टक्. मग मान वर केली.

"अरे, तुम्ही आलात? कुठला वार आज?"

"मेल्या!" योनसिल ओरडली. "फाटकावर तीन दांडे लावून आत बसलास?"

"दांडे?" तो गोंधळला. मग आठवलं. "पडलेले होते, नूना. भोकं रिकामी दिसत होती. म्हणून घातले. मी मागच्या रानातून ये-जा करतो, पडक्या गोठ्याचे दगड तिकडेच पडलेत. पुढं फाटक आहे हे डोक्यातच राहिलं नाही."

दोकबे तोंडावर हात धरून हसला. सामचुन हसली नाही. तिला या दांड्यांनी पाच दिवस जाळलं होतं.

"हे काय आहे, मानबोक?" तिने विचारलं.

"माझं कपाट," तो म्हणाला. "झाकलेलं मला दिसत नाही, सामचुन. खोकं दिसलं की आतलं संपलं. म्हटलं, सगळं उघडं पाहिजे. ज्याची त्याची देवळी."

"सगळं खरं," योनसिल म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटत होतं. "पण करार घर बदलायचा होता. तेवीस खोकी तिकडे आहेत. दोन तासांत सूर्य मावळेल. तू घर नाही बदललंस रे. तू भिंत घातलीस."

मानबोकने हातांकडे पाहिलं. त्याला आठ दिवस म्हणजे आजचा दिवस हे आत्ता समजत होतं, आणि ते समजतानाचा त्याचा चेहरा सामचुनला बघवेना. तिने नजर फिरवली. ती फिरली ती कोपऱ्यातल्या चुलीवर, आणि तिथंच थांबली.

"मानबोक, त्या भांड्यात काय आहे?"

"भात. थोडा लागलाय."

"भांडं कधी आणलंस?"

"पहिल्या दिवशी. नूना खोकी भरायच्या आधी, पहाटेच. नव्या घरात पहिलं पाऊल भाताच्या भांड्याचं, मग बाकीचं, आई म्हणायची. म्हटलं विसरायच्या आत हे एक करावं. आणलं, भात लावला, मीठ आणायला मागं गेलो तर गोठ्याचे दगड दिसले..."

ह्यन सामचुन योनसिलकडे वळली. ती ठेंगणी बाई त्या क्षणी उंच दिसली.

"पोरी, तुला साक्षीला मी हवी होते ना? मग ऐक. ज्याचं भांडं जिथं आणि भात जिथं, त्याचं घर तिथं. हे आपल्या बेटाचं म्हणणं आहे, माझं नाही. देव निघाले त्याच सकाळी ह्याने चूल पेटवलीय. सगळ्या गावात पहिलं घर ह्याने बदललंय. राहिला तो सामानाचा प्रश्न. सामानाला पाय नाहीत, आपल्याला आहेत."

योनसिलने झाकण उचललं. आत खरंच भात होता, आणि खरंच करपलेला. तिने बोटाने एक शीत उचललं आणि तोंडात टाकलं.

"खारट," ती म्हणाली.

"मीठ सापडलं शेवटी," मानबोक म्हणाला.

मग मात्र धावपळ उडाली. दोकबेने टेम्पो काढला. सामचुनने गल्लीत उभं राहून हाका मारल्या, गाजराच्या रानातून परतणाऱ्या बाया गुडघ्याला माती तशीच घेऊन आल्या. खोकी अंगणात उतरायची, मानबोक फाडायचा, वस्तू हातात घ्यायचा आणि कोनाड्यात ठेवायचा.

आणि इथं सगळे बघायला थांबले. कारण वस्तू बसत होत्या. एकही माप न घेता, वस्तू समोर नसताना, नुसत्या हाताच्या आठवणीवर त्याने ते कोनाडे रचले होते. डाव चिंचोळ्या कोनाड्यात गेला तो दांड्यापर्यंत. छत्री लांबोळक्यात. आईची शिवणाची कात्री, टोकं खाली, बोटांची भोकं समोर. नखं काढायची कात्री एका दगडाच्या खोबणीत. दाराजवळ, थेट डोळ्यांसमोर, डॉक्टरच्या गोळ्या. जाता येता दिसणारच. दर वस्तूला बारीकसा आवाज यायचा. टक्. दुसऱ्यांदा हलवावी लागली नाही एकही.

"नखाची कात्री कुठंय?" योनसिलने मधेच, पाठमोऱ्या भावाला विचारलं. जन्मभर विचारत आली होती तशीच.

त्याने न वळता हात मागे केला. बोट बरोबर तिकडे.

दोकबेने भिंतीवरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. "सिमेंटमध्ये..." तो म्हणाला आणि तिसऱ्यांदा हात फिरवला.

"फट ठेवावी लागते," मानबोकने त्याला समजावून सांगितलं.

डोंगरामागे सूर्य टेकला तेव्हा तेविसावं खोकं रिकामं झालं. 'आई' लिहिलेलं. त्यातला कंगवा मानबोकने सगळ्यात वर ठेवला. तरी एक कोनाडा उरलाच, हाताच्या उंचीवर, रुंद आणि उथळ.

"हा चुकला वाटतं," योनसिल म्हणाली.

"तो तुझा. माझ्याकडे आलीस की तू भांडी घासताना चष्मा काढतेस. मग ओट्यावर ठेवतेस, मग त्याच्यावर पाणी उडतं."

योनसिलने चष्मा काढला. पुसायचा म्हणून काढला असेल. पुसला नाही, तसाच त्या कोनाड्यात ठेवला, आणि भांडी घासायला बसली. बराच वेळ घासत होती. भांडी तर चारच होती.

योनसिलला घेऊन टेम्पो निघाला तेव्हा सूर्य नुकताच गेला होता. शहराच्या वाटेला लागलेला तो टेम्पो मागे अगदी रिकामा, धडधडत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे देव रुजू झाले असतील. सामचुनला तरी हवेत फरक वाटला. ती भिंतीमागे गाजरं घेऊन बसली होती, आणि तिच्या भिंतीच्या फटीतून समोरचं फाटक नेमकं दिसायचं.

मानबोक बाहेर आला. फोन कानाला. "हो नूना, कोनाड्यातच आहे. तू विसरलीस! तू! हो, पहिल्या बसने आणतो."

त्याने गवतातला एक दांडा उचलून भोकात सारला. दुसरा सारला. तिसरा उचलून खांद्यावर घेतला, आणि थबकला. वाकून दोन दांड्यांखालून आत गेला, बहिणीचा चष्मा घेऊन आला, खिशात ठेवला, खिसा थोपटला. मग गल्लीतून निघाला. वाटेत दोन ठिकाणी उभा राहिला. एका भिंतीकडे बघून मान हलवली, एका भिंतीचा दगड काढून उलटा करून बसवला.

फाटकाला दोन दांडे होते. संध्याकाळपर्यंत येईल.

तिसरा त्याच्या खांद्यावरच राहिला होता. वळणावर तो लांबलचक दांडा आधी इकडे गेला, मग तिकडे, आणि मग माणसासकट दिसेनासा झाला. ह्यन सामचुनने हाक मारायला तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं, आणि फटीला डोळा लावून त्याची बस येईपर्यंत बघत बसली.